दोन इस्पिकचं उत्तर

आलापल्ली,
१० ऑक्टोबर १९५४

इंदुताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार घे, आन् राग असेल तर पत्र संपेपर्यंत बाजूले ठेव.

मी पळून आलो नाई. आईले सांग, वरोऱ्याच्या जिनिंगमधी रुईनं नाक भरते म्हणून निघालो आन् रस्ता गेला तिकडे गेलो. आष्टीच्या घाटावर एक मासे धरणारा ढिवर शिंगाडे उकडून राह्यला होता, त्याच्याजवळ बसलो तर दोन मोटारी निघून गेल्या. शिंगाडा दातानं सोलायचा असते, पण ओठ वाचवून. ते मले आता येते. तू म्हणशील, मुद्द्यावर ये.

तर मी तुझ्या बंगल्यावर आहे. भाऊजी रेंजर, त्यांनी मले जंगलखात्याच्या डेपोवर लाकडं मोजायले लावलं. आन् संध्याकाळी ब्रिज शिकवून राह्यले. जानेवारीत चांद्याच्या क्लबात पुन्हा सामने आहेत, संघात माणूस कमी आहे, म्हणून माझ्यासारख्या चौथी नापासाले भाव आला.

मले किती समजलं ते पाय. संघ चौघांचा. दोघं ह्या खोलीत बसतेत, दोघं त्या खोलीत. ह्या खोलीत जे पत्ते आपल्या जोडीले, तेच पत्ते त्या खोलीत त्यांच्या जोडीले. म्हणून 'पत्तेच वाईट आले' म्हणून रडायची सोय नाई. खेळायच्या आधी बोली लागते, म्हणजे कोणता हुकूम न् किती हात करीन. सात हात म्हणजे 'एक', दहा म्हणजे 'चार'. बोलल्यापेक्षा कमी झाले तर दंड. आन् बोलीशिवाय तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाई. ताई, दंडाचं मले काही वाटत नाई. हे दुसरं कसं जमावं?

संघात भाऊजी, दवाखान्याचा कंपाउंडर केवळराम आन् मी. केवळराम माझा जोडीदार. भाऊजींच्या समोरची खुर्ची रिकामी. मी म्हटलं, "गार्ड चैतूले बसवा ना, उगाच बसला असते." भाऊजी म्हणाले, "ती खुर्ची भरलेली आहे." मी खुर्चीखाली वाकून पाह्यलं. मांजर पण नव्हतं.

मग त्यांनी चौघांचे पत्ते वाटले. तिघांनी आपापले उचलले. खुर्चीसमोरचे तेरा पत्ते लटारू डाकवाल्यानं कागदावर उतरवले, कारण आम्ही कोणी पाहायचे नाईत, आन् केवळरामनं औषधाच्या पुडीसारखी घडी करून चिकटवली. ती पुडी ह्या पत्रात आहे. भाऊजींनी पास म्हटलं, केवळरामनं पास म्हटलं. आता तुझी पाळी. काय बोलतेस ते कळव, मग मी बोलीन. तोवर आमचे पत्ते टेबलावर पालथे, वर नदीचा गोटा.

एक विचारतो. गेल्या जानेवारीत तुम्ही दोघं कप जिंकले, आन् आठ दिवसांत तू पेटी घेऊन वरोऱ्याले गेली. जिंकल्यावर कोणी रुसते का वं? भाऊजींले विचारलं तर म्हणाले, "जिंकलो होतो." बस. पुढं काहीच नाई.

तुझा,
उमाजी

*

वरोरा,
१९ ऑक्टोबर १९५४

चि. उमाजी,

आशीर्वाद देते, पण निम्मे. उरलेले तू आईला स्वतः पत्र लिहिशील तेव्हा. जिनिंगचा मुकादम दारात येऊन गेला. आई त्याला म्हणाली, "पोरगा देवदर्शनाला गेला." कोणत्या देवाच्या, ते तूच ठरव.

पुडी पोचली. माझी बोली: एक बदाम.

आता तुझा प्रश्न. तू लहान आहेस, पण विचारलंस तर सांगते. नाहीतर तू गावभर विचारत फिरशील.

बोली म्हणजे जोडीदाराशी बोलणं, बाबू. पत्ते दाखवता येत नाहीत, डोळा मारता येत नाही, तेवढ्या चार शब्दांत सगळं सांगायचं. त्यात एक बोली आहे, सुरुवातीलाच 'दोन'. दोन बदाम, दोन इस्पिक, काहीही. फार मोठे पत्ते असले तरच ती बोलायची, वर्षातून चारदा येतात असले. तिचा अर्थ, मी पुढे जाणार आहे, तुमच्याकडे काही नसलं तरी गप्प बसू नका. काही नसेल तर 'दोन नो-ट्रम्प' म्हणा, म्हणजे 'काही नाही' असं मला कळेल. पण उत्तर द्या. ही बोली पास करायची नसते. हे आम्ही दोघांनी लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यात, नदी चढल्यामुळे बंगल्यात अडकून पडलो होतो तेव्हा, जुन्या साहेबाच्या पुस्तकातून शिकलो.

गेल्या जानेवारीत शेवटच्या सामन्यात मी दोन बदाम बोलले. तुझ्या भाऊजींनी पत्ते पाहिले आणि म्हणाले, "पास."

आणि झालं असं की तेच बरोबर निघालं! दोन बदामांपुरते आठ हात झाले. दुसऱ्या खोलीतले चारपर्यंत चढले आणि पडले. आम्ही जिंकलो. क्लबाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "वा गुणवंतराव, बायकोची उडी झेलली म्हणून पाय वाचला!" सगळे हसले. तुझे भाऊजीही हसले.

मी कप घेऊन घरी आले. आठ दिवस वाट पाहिली, हा माणूस काहीतरी बोलेल म्हणून. ते बोलले ते हे: "जिंकलो ना?" मग मी पेटी भरली.

आता तूच सांग. उद्या मी काही विचारलं आणि यांना वाटलं की गप्प बसण्यात फायदा आहे, तर? एकदा फायदा झालाच आहे. मी कोणाच्या भरवशावर बोलायचं?

हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

तुझी ताई

*

आलापल्ली,
८ नोव्हेंबर १९५४

इंदुताईले,

दिवाळीचा नमस्कार उशिरानं. पत्र वाचून दाखवलं नाई. पण टेबलावर ठेवून मंडईच्या जत्रेले गेलो होतो. तीन दिवस. आल्यावर पत्र दुसऱ्या बाजूनं घडी केलेलं होतं. वारा असेल.

मंडईत रातभराची नाच-नाटकाची दंडार पाह्यली. राजाचं काम करणारा पोरगा डोक्यावर मुकुट न् पायात टायरची चप्पल घालून असा नाचला का मी त्याच्यासंग त्याच्या गावालेच जाणार होतो. केवळरामनं सदऱ्याले धरून आणलं.

आता तुझा डाव. तू एक बदाम बोलली, पाळी माझी. मागच्या महिन्यात मी बल्लारशाले सागवानाचा लिलाव पाह्यला. तिथला एक सेठ, त्याले माल नको असला का पहिल्यांदाच मोठ्यानं दुप्पट बोली मारते, समोरचे घाबरून अजून वर जातेत आन् फसतेत. आन् माल पाहिजे असला का नुसतं नाक खाजवते. मी म्हटलं, ब्रिजमधी हेच. माझ्याजवळ किलवरची पाच पानं होती, त्यात मोठं कोणीच नव्हतं. मी टेबलावर थाप मारून ओरडलो, "चार किलवर!"

भाऊजी हळूच म्हणाले, "डबल." म्हणजे, हे होत नाई, दंड दुप्पट. केवळरामनं माझ्याकडे असं पाह्यलं जसं तो फोड कापायच्या आधी पाहते. मग म्हणाला, "पास."

आता खरी गंमत. केवळराम पत्ते उघडून मोकळा होत होता. म्हणे, "वहिनी आता पासच म्हणणार, विचारायचं काय त्यात?" भाऊजींनी त्याचा हात धरला. "थांबा. तिची पाळी आहे."

"अवो साहेब, आठ दिवस जातील पत्राले!"

"जाऊ द्या."

पुन्हा गोटा ठेवला. ताई, तीन शहाणी माणसं टेबलाभोवती बसून वरोऱ्याच्या डाकेची वाट पाहतेत. मोटारीचा भोंगा वाजला का भाऊजी फाटकापर्यंत जातेत. म्हणे, शेजारच्या जंगलाच्या बिटाची डाक पाहायची आहे.

डाक वाया जाऊ नये म्हणून दुसरा डाव पण वाटला. दुसरी पुडी सोबत. ह्यात मी न् केवळराम जागा बदलून बसलो; पहिली बोली तुझी, मग केवळरामची.

उमाजी

*

वरोरा,
१७ नोव्हेंबर १९५४

उमाजी,

पहिल्या डावात, पास. शंभर वेळा पास. चार किलवर कोणत्या झाडावरून तोडलेस रे?

लिलाव वेगळा. तिथे सेठ एकटा असतो, त्याला जोडीदार नसतो. तू ओरडतोस तेव्हा केवळराम ते खरं मानतो. आणि संघाच्या सामन्यात नेहमी दुसरी खोली डोळ्यांपुढे ठेवायची. आपण पुढे असलो तर तिथला शहाणा माणूस जे बोलेल तेच आपण बोलायचं, म्हणजे फरक पडत नाही, आघाडी राहते. मागे असलो तर तो करणार नाही ते करायचं. तेव्हाच उडी मारायची, तीही एकदाच. तू तर जेवणाच्या ताटावर बसतानाही उडी मारतोस.

तुला सगळ्या बोली येतात, एकच येत नाही. पास. आरशासमोर उभा राहून म्हणत जा.

आई विचारते, तिथे शेवया कोण करून देतं. मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, "मग तू इथी बसून काय करून राह्यली?" मी कापसाच्या गाड्या मोजते असं सांगितलं. खरंच मोजते. जंगलातून आलं की इथे संध्याकाळी झाडांऐवजी धुराडी दिसतात, त्याची सवय होत नाही. हे तुझ्यापुरतं. टेबलावर ठेवू नकोस, वारा फार आहे तुमच्याकडे.

दुसऱ्या डावात माझी बोली: दोन इस्पिक.

भाऊजींना फक्त एवढंच सांग. पुढे एक शब्द नको.

ताई

*

आलापल्ली,
५ डिसेंबर १९५४

इंदुताई,

सांगितलं. एवढंच सांगितलं. पुढचा शब्द गिळताना मले उचकी लागली.

भाऊजींनी आपले पत्ते उचलले, पाह्यले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. केवळराम पास म्हणून छताकडे पाहून राह्यला होता. शेवटी भाऊजी म्हणाले, "उद्या पेरमिलीकडे दौरा आहे. झाडांवर खुणा मारायच्या आहेत." आन् उठले. तेरा पत्ते खाकी खिशात टाकून गेले. बाकीचे टेबलावर, गोट्याखाली. केवळराम रोज येऊन त्यांची धूळ झटकते.

मी पण दौऱ्यावर गेलो होतो. दोन दिवस. तिथं मंगरू नावाचा सुतार आहे, तो लाकडाची घंटा करते बैलाच्या गळ्यातली, सागाची नाई, शिवणीची, तिचा आवाज निराळाच. त्यालेच भाऊजींनी सामन्यासाठी पत्ते ठेवायच्या सागाच्या चपट्या पेट्या करायले सांगितल्या होत्या, चार खणांच्या, म्हणजे ह्या खोलीतले पत्ते जसेच्या तसे त्या खोलीत नेता येतेत. मी घंटा शिकत बसलो न् भाऊजी पुढं निघून गेले.

पण पहिल्या दिवशी मी त्यांच्यासंग होतो. भाऊजी एका झाडाभोवती तीन फेऱ्या मारतेत, मग हातोड्यानं खूण. मी म्हटलं, "एवढं काय पाहतेत?" ते म्हणाले, "खूण मारली की झाड गेलं. परत उभं करता येत नाही. म्हणून मी शेवटपर्यंत थांबतो." मग पुढच्या झाडाशी, आपणहून: "सगळीकडेच थांबतो. सवय लागली."

मी म्हटलं, "ताईनं विचारलं तिथं पण थांबले?"

त्यांनी हातोडा गार्डाच्या हातात दिला न् पाणी प्यायले गेले.

ताई, उत्तर अजून नाई. मले वाटते त्यांचे पत्ते खूपच हलके असतील. मी डोकावून पाहू का खिशात?

उमाजी

*

वरोरा,
१३ डिसेंबर १९५४

उमाजी,

खिशात डोकावलास तर माझा भाऊ नाहीस.

त्यांना सांग, मी झाड नव्हे. मला खूण नको, उत्तर पाहिजे. पत्ते हलके आहेत हे मलाही ठाऊक आहे. माझ्याकडे एवढी चित्रं आल्यावर त्यांच्याकडे राहणार काय? 'काही नाही' असंच सांगायचं आहे त्यांना, पण तोंडानं सांगायचं आहे.

नको, काही सांगू नकोस. वाट पाहते.

ताई

*

मुक्काम पेरमिली,
१९ डिसेंबर १९५४

इंदू,

तुझी बोली पोचली.

दोन नो-ट्रम्प.

उशीर झाला, पत्त्यांमुळे नव्हे. गेल्या जानेवारीतल्या बोलीचं उत्तरही हेच होतं. ते द्यायचं राहिलं.

चांद्याचा सामना २३ जानेवारी, रविवार. संघात तुझं नाव ऑक्टोबरपासून आहे.

बंगल्यातल्या पेरूला फळं आली आहेत. उमाजी कच्चीच खातो.

गुणवंत

*

वरोरा,
२७ डिसेंबर १९५४

चि. उमाजी,

तुझ्या भाऊजींचं कार्ड आलं. आईनं ते शाळेच्या नानाजी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "ह्यात पेरूशिवाय काहीच नाई." मी कार्ड परत घेतलं.

मी चांद्याला येते. खेळापुरती. सामना संपला की संध्याकाळच्या गाडीनं वरोऱ्याला परत. तसं आईला सांगून ठेवलं आहे, ती माणूस पाठवणार आहे स्टेशनवर. भाऊजींनाही तसंच सांग. कार्डावर उत्तर देणं निराळं. मागे मोटारीला वेळ असतो, पुढे अख्खं जंगल असतं विचार करायला. टेबलाशी बसून, लोक पाहत असताना, जिंकायची वेळ आली असताना काय होतं ते मला पाहायचं आहे. गेल्या वेळी तिथेच तर घसरलं सगळं.

आणि तू. तुला शपथ घालते, शेवटच्या सामन्यात शंका आली की पास. जिभेवर काहीही आलं तरी पास. घंटा, दंडार, शिंगाडे, सगळं त्या दिवसापुरतं गोट्याखाली ठेव.

ताई

*

बल्लारशा,
२४ जानेवारी १९५५

आईले साष्टांग नमस्कार. नानाजी मास्तरांनी हे पत्र हळूहळू वाचावं, मधी चहा घेऊ नये.

आई, रोज संध्याकाळच्या गाडीवर माणूस पाठवू नको. इंदुताई येत नाई. सगळं ठीक आहे. हे सांगायले मीच वरोऱ्याले येत होतो, ताईनं तशी ताकीदच दिली होती, पण चांद्याच्या फलाटावर सिरोंचाचा एक नावाडी भेटला, तो म्हणे प्राणहितेत नाव कशी उभी राहून चालवतेत ते पाय एकदा. त्याच्यासंग बोलता बोलता मी ह्या बाजूच्या गाडीत बसलो. म्हणून पत्र.

आता कसं झालं ते सांगतो.

शेवटचा सामना नागपूरच्या वकिलांसंग. ताई न् भाऊजी ह्या खोलीत, मी न् केवळराम त्या खोलीत. ताई सकाळी पेटी घेऊनच क्लबात आली आन् पेटी दारामागं ठेवली. भाऊजींनी पेटीकडे पाह्यलं. "बस," म्हणाले. ताई म्हणाली, "बसते." दिवसभर दोघांचं एवढंच. बाकी सगळं बोलीत.

दुपारी चहाच्या वेळी हिशेब केला तेव्हा आम्ही थोडे पुढं होतो. मग शेवटचा डाव आला. मंगरूची सागाची पेटी पहिले आमच्या खोलीत आली.

आमच्या खोलीतल्या वकिलाकडे नुसती चित्रं भरलेली. मले वाटलं हा 'दोन' बोलणार. तो चष्मा पुसून म्हणाला, "एक इस्पिक." केवळराम पास. दुसरा वकील पास. पाळी माझी. मी पास म्हटलं तर बोली तिथंच संपते.

आई, माझ्याजवळ बदामाची सहा पानं होती. "चार बदाम" असं जिभेच्या टोकावर येऊन उभं राह्यलं, जसं बैल गोठ्याच्या दारात येऊन उभा राहते. केवळरामनं डोळे मिटले होते. मले ताईची शपथ आठवली. मी म्हटलं, "पास."

केवळरामनं डोळे उघडून पाह्यलं, मीच बोललो का दुसरं कोणी.

वकिलानं नऊ हात केले. खेळ संपल्यावर त्याले विचारलं, एवढ्या पत्त्यांवर एकच काऊन बोलले? तो हसून म्हणाला, "आम्ही मागे आहोत. त्या खोलीत बाई दोन बोलणार आणि चारपर्यंत जाणार, हे मला ठाऊक आहे. तेच मी केलं तर फरक काय पडणार? म्हणून उलटं केलं. दहा हात झाले तर मी फसलो. झाले नऊ." म्हणजे मी जर नेहमीसारखा ओरडलो असतो, तर तो रागानं चार इस्पिकवर चढला असता आन् एका हातानं पडला असता. आयुष्यात एकदाच गप्प बसलो, तेच नडलं. पण तेवढ्यात केवळरामनं मले ओढलं. तीच पेटी आता ताईच्या खोलीत गेली होती.

आम्ही दारात उभे राह्यलो. दारात उभं राहता येते, पण चेहऱ्यावर काही दाखवता येत नाई. ताई म्हणाली, "दोन इस्पिक." भाऊजींच्या उजवीकडचा वकील पास.

मी भाऊजींच्या मागंच उभा होतो, त्यांचे पत्ते दिसून राह्यले होते. राजा नाई, राणी नाई, गुलाम नाई. सगळ्यात मोठा पत्ता नहला! आन् मले ठाऊक होतं का हात नऊच होतेत. भाऊजी गप्प बसले तर दोन्ही खोल्यांत सारखंच होते, आमची आघाडी राहते, कप आपला. बोलले तर ताई चारपर्यंत जाणार न् पडणार. मले एवढं ठाऊक होतं आन् सांगायचं नव्हतं! केवळरामनं माझ्या पायावर पाय ठेवला होता, तो उचललाच नाई.

भाऊजींले नऊ हात ठाऊक नव्हते, पण ते झाडं मोजणारे माणूस, त्यांले अंदाज होताच. मागं क्लबाचे अध्यक्ष उभे. गेल्या सालसारखीच गर्दी. भाऊजींनी पत्ते एकदा पाह्यले, मिटले, आन् ताईकडे पाहून, खणखणीत म्हणाले,

"दोन नो-ट्रम्प."

ताई तीन इस्पिक. भाऊजी चार इस्पिक. लगेच, हातोडा मारल्यासारखं. भाऊजींनी पत्ते टेबलावर उघडे मांडले, खेळणाऱ्याच्या जोडीदाराले तसे मांडायले लागतेत. एका वकिलाच्या तोंडून निघालं, "ह्याच्यावर बोललात?" ताईनं ते पत्ते पाह्यले, एकेक. आन् आई, ती हसायले लागली. खेळत होती न् हसत होती. खेळली छान. नऊच हात झाले. एक कमी.

आम्ही हरलो. ऐंशी गुणांनी, त्याच एका डावावर.

अध्यक्ष म्हणाले, "अहो गुणवंतराव, गेल्या साली बाईंची उडी कशी सावरली होती! यंदा काय झालं?"

तुले तर माहीत आहे, भाऊजी म्हणजे मुक्या माणसाचा मोठा भाऊ. पण त्या दिवशी बोलले, सगळ्यांसमोर. "गेल्या साली सावरलं नव्हतं, साहेब. तिनं विचारलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं. तो कप आमच्याकडे चुकून आला होता."

कोणी हसलं नाई. फक्त ताई हसत होती, अजून तशीच. मग तिनं दारामागची पेटी उचलली. पेटी तिनं भाऊजींच्या हातात दिली न् विचारलं, "आलापल्लीची मोटार किती वाजता आहे?"

भाऊजी म्हणाले, "उद्या सकाळी."

"पेरू उरले आहेत का?"

"वरच्या फांदीवर आहेत. उमाजीचा हात पुरत नाही तिथं."

आई, मले हा खेळ समजला नाई. गेल्या साली जिंकले तर ताई तुझ्याकडे आली. यंदा हरले तर घरी गेली. केवळराम म्हणते, "तुले समजला नाई तेच बरं, नाईतर तू पण रेंजर झाला असता."

आता सिरोंचाले दोन-चार दिवस, मग पाहू.

तुझा,
उमाजी

*

वरोरा,
३१ जानेवारी १९५५

(नानाजी मास्तरांच्या हातानं, आलापल्लीचे केवळराम कंपाउंडर यांच्या पत्त्यावर. उमाजी जिथं असेल तिथं पोचतं करावं.)

बाबू उमाजी,

तुझं पत्र मास्तरांनी वाचलं. चहा मधीच घेतला, त्याले मी काय करू?

माणूस पाच दिवस गाडीवर जाऊन आला, मग पत्र आलं. स्टेशन मास्तर आता त्याले कोणी पाटलोणवाला साहेब समजते, रोज सलाम ठोकते. तुझी बहीण घरी गेली हे चांगलं झालं. तिले सांग, पुढच्या सालीही हरा. कप इथी कोणाले पाहिजे? मागचा कप तिनं इथीच ठेवला आहे, मी त्यात मोहरी ठेवते.

मले तुमचे पत्ते समजत नाई. पण मास्तरांले विचारून एवढं समजून घेतलं का एक बोली अशी असते, जिच्यावर गप्प बसायचं नसते, हातात काही नसलं तरी.

तर ऐक. तू दसऱ्यापासून चार महिन्यांत मले एक पत्र लिहिलं, तेही गाडी चुकल्यामुळे. कुठी आहेस, जेवतोस का, नाव चालवता चालवता नदीत पडलास का, काही ठाऊक नाई.

दोन इस्पिक.

तुझी आई,
भागीरथा